साडेतीन मिनिटांची तबकडी, तीन तासांची मैफल

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

आपल्या मंडळाच्या जुन्या मैफलींच्या टेपा वेबसाइटवर घालायचं काम सुरू झाल्यापासून ग्रुपवर सारखी विचारणा होते. "एवढा वेळ का लागतोय?" "माझ्या मोबाइलवर गाणं मध्येच अडकतं." "तुकडे करून टाका ना, पाच-पाच मिनिटांचे." शेवटच्या सूचनेवरून मीटिंगमध्ये जे झालं ते हजर असलेल्यांना माहीत आहेच. त्या वादाचं मूळ कंप्युटरात नाही. गाणं केवढं आणि ते ठेवायचं भांडं केवढं, हा झगडा शंभर वर्षांहून जुना आहे आणि आपल्या बडोद्याचा त्यात वाटा आहे. म्हणून जरा मागून येतो.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला यंत्र घेऊन आला आणि गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला गेला. पुढे रूढ झालेल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, बारा इंचीवर चार-साडेचार. त्या काळी आवाज थेट मेणाच्या चकतीवर कोरला जाई. पुसून पुन्हा घेणं नाही, जोडणं नाही. कर्ण्यासमोर तोंड घालून गायचं आणि वेळ संपायच्या आत समेवर यायचं. गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, तेवढे सेकंदही हिशोबात धरावे लागत.

आता आपल्याकडचं बघा. सयाजीराव महाराजांच्या दरबारात आणि मौलाबक्षांच्या गायनशाळेमुळे (१८८६) बडोद्यात गाणं ऐकणारा वर्ग तयार झाला होता. हा वर्ग रात्रभर बसणारा. अब्दुल करीम खाँसाहेब इथं होते. ताराबाई माने त्यांच्याकडे शिकल्या आणि पुढे दोघांनी बडोदं सोडलं. त्यांची मुलगी हिराबाई जन्मली मिरजेला, पण आडनाव लावलं बडोदेकर. गाव सुटलं तरी नाव लावायची ही रीत आपल्यातल्या किती घरांना लागू आहे ते मोजा. खाँसाहेबांच्या तबकड्या आपण ऐकतो आणि डोळे मिटतो, पण ते गाणं तीन मिनिटांत बसवलेलं आहे हे विसरतो. आलाप जवळजवळ नाही, थेट बंदिश, दोन-चार आवर्तनं, संपलं. तासभर राग उलगडणारा माणूस पोस्टकार्डावर मजकूर लिहितोय असं समजा.

भास्करबुवा बखले बडोदे संस्थानातल्या कठोर गावचे, त्यांची काही तालीमही इथलीच. त्यांचा आवाज आज ऐकायलाच मिळत नाही. १९२२ साली गेले. शिष्यांच्या गाण्यावरून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून अंदाज करायचा, बस.

फैयाज खाँसाहेब १९५० साली बडोद्यातच गेले. त्यांच्या तबकड्या आहेतच, पण त्यांच्या गाण्याचा खरा विस्तार पुढे कळला तो आकाशवाणीकडच्या लांब ध्वनिमुद्रणांमुळे. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले एक आजोबा आमच्या गल्लीत होते. ते म्हणायचे, "तबकडीत खाँसाहेब दिसतात, भेटत नाहीत."

१९४८ साली अमेरिकेत एलपी आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी एलपीवर आले तेव्हा संथ बढत म्हणजे काय ते घरबसल्या कळायला लागलं. पण एलपी कंपनीच काढणार. कोणाची काढायची तेही कंपनीच ठरवणार. गावातल्या वाड्यात, गणेशोत्सवात, कुणाच्या तरी मुंजीच्या निमित्तानं झालेली मैफल तिच्या खिजगणतीत नव्हती. ती पकडली स्पूलच्या टेपरेकॉर्डरनं.

ते मशीन आठवतं का कुणाला? ग्रुंडिग नाहीतर फिलिप्स, वजन इतकं की दोन माणसांनी उचलावं. कुणाकडे विलायतेहून आलेलं, कुणी आफ्रिकेतून परतलेल्या गुजराती शेजाऱ्याकडून एका रात्रीपुरतं मागून आणलेलं. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत. सेकंदाला साडेसात इंच वेगानं चालवली तर एका बाजूला ३२ मिनिटं, पावणेचार इंचानं चालवली तर ६४. फीत महाग, म्हणून आपली मंडळी कमी वेगच लावायची. कमी वेगाला वरचे सूर बोथट होतात, तानपुऱ्याची जवारी थोडी मरते. पण तासभर स्पूल बदलावं लागत नाही. थोडी गुणवत्ता सोडून वेळ विकत घ्यायचा, हा सौदा तेव्हापासूनचा आहे. पुढे एमपीथ्रीनं केलं ते वेगळं काही नव्हतं.

मग फिलिप्सची कॅसेट आली, १९६३ साली. आपल्याकडे घरोघर पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. सी-९० म्हणजे बाजूला ४५ मिनिटं. मध्यलयीत रंग भरलाय आणि खट्! बाजू संपली. उलटी करेपर्यंत चार आवर्तनं गेली ती गेलीच. आपल्या कपाटातल्या निदान डझनभर कॅसेटींमध्ये हा खट् आहे. नव्या पिढीला तो दोष वाटतो. मला मात्र तो ऐकला की कॅसेट उलटणाऱ्या माणसाची धांदल दिसते.

आता कपाटाबद्दल. स्पूल आणि कॅसेट मिळून जे निघालं त्यातलं बरंचसं पावसाळ्यांनी खाल्लं होतं. काही फितींना पांढरी बुरशी, काहींना व्हिनेगरसारखा आंबूस वास. त्या ॲसिटेटच्या, वास आला की समजायचं फीत कुजायला लागली. काही फिती मशीनवर चिकटायच्या आणि तपकिरी भुकटी सोडायच्या. ही भुकटी म्हणजेच आवाज, लोखंडाच्या गंजासारखे ते कण, त्यावरच गाणं असतं. शिवाय वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. गवयानं 'सा' लावायच्या सेकंदभर आधी तोच 'सा' अगदी पुसट ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

वेगाचीही गंमत. बॅटरीवरचं मशीन, बॅटरी उतरलेली, म्हणजे रेकॉर्ड करताना फीत हळू फिरली. तीच फीत आज योग्य वेगानं लावली तर सगळं चढ्या पट्टीत. एका मैफलीत बुवा पांढरी चारमध्ये गाताहेत असं वाटत होतं. जाणकार म्हणाले, ते आयुष्यभर काळी दोनच्या वर गेले नाहीत. मग वेग उतरवला, आवाज जागेवर आला. हे कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही, त्याला बुवांना ऐकलेला माणूस जिवंत असावा लागतो.

आता फाइलींकडे येऊ. सीडीच्या दर्जाला आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं घेतात, दोन्ही बाजूंची मिळून मिनिटाला दहा एमबीच्या वर जागा लागते. जतन करायचं असेल तर जगभरचे ध्वनिसंग्रह याहून बारीक मोजतात, सेकंदाला ९६,००० मापं आणि प्रत्येक माप २४ बिटांचं. स्टिरिओ धरलं तर मिनिटाला साडेचौतीस एमबी, तासाला दोन जीबीच्या वर. तीन तासांची मैफल सहा जीबी. आपल्या जुन्या टेपा बहुतेक मोनो, म्हणजे एकाच माइकच्या. त्या मोनोच ठेवल्या तर निम्म्यात भागतं. पण ज्या स्टुडिओकडे पहिली खेप दिली (नाव राहू दे) त्यांनी तोच आवाज डाव्या-उजव्या दोन्हीकडे चिकटवून दुप्पट वजनाच्या फाइली हातात दिल्या.

त्यातून एक भीतीचा प्रसंग झाला. तीन स्पूल जोडलेली, बरोब्बर तीन तासांची फाइल घरी लावली तर प्लेअर लांबी दाखवतो ५६ मिनिटं! दोन तास गेले कुठं? मंडळाच्या खजिनदारांचा रक्तदाब वाढला. झालं होतं असं, की वेव्ह प्रकारच्या फाइलच्या डोक्यावर तिचं वजन लिहिलेलं असतं आणि तो आकडा लिहायला ठेवलेली जागा चार जीबीपर्यंतच पुरते. त्यापुढे मोटारीच्या जुन्या मीटरसारखा काटा फिरून पुन्हा शून्यापासून सुरू. सव्वासहा जीबीतून चार जीबी वजा जाऊन उरलं त्याची ५६ मिनिटं दिसत होती. गाणं सगळं जागेवर होतं, पाटी तेवढी चुकीची. मोठ्या फाइलींसाठी आरएफ-६४ नावाचा सुधारित प्रकार आहे, त्यात घातल्यावर तीन तास परत आले. ज्यांच्या घरी मोठ्या वेव्ह फाइली आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. लांबी कमी दिसली म्हणून फाइल फेकून देऊ नका.

ही झाली मूळ प्रत. ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवली आहे. वेबसाइटवर ती चढवायची नसतेच. तिथं हलकी प्रत लागते.

हलकं करण्याची विद्या जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत पिकली. कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि मंडळींनी कानाच्या एका स्वभावाचा उपयोग केला. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. मग तो साठवायचाच कशाला? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण ठरलं, १९९५ साली फाइलीच्या शेपटीला एमपीथ्री हे नाव लागलं. मिनिटाला दहाच्या जागी एक एमबी. तपासायला त्यांनी एका गायिकेचा साथीविना आवाज वापरला होता, कारण मोकळ्या आवाजात खोट लगेच कळते. आपल्या गाण्यात हे जास्तच खरं. फार आवळलं तर पहिला बळी तानपुऱ्याचा, मग तबल्याच्या किनारीचा. थाप पडायच्या आधी क्षणभर फस्स असा आवाज येतो. म्हणून मंडळाच्या साइटवर मोनोला ९६ किलोबिट ठेवलंय. तीन तासांचे १३० एमबी होतात. ६४ ठेवले असते तर ८६ एमबी, पण तानपुरा पत्र्याचा वाटत होता. हे माझं मत, आणि मीटिंगमध्ये ते बहुमतानं पास झालंय.

१३० एमबी आज काहीच नाही म्हणाल. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं इंटरनेट सामान्यांना दिलं तेव्हाचा मोडेम आठवा, ती चिरचिर. २८.८ च्या मोडेमवर पाच एमबीचं एक गाणं उतरायला तेवीस-चोवीस मिनिटं, तीही मध्ये कुणी फोन उचलला नाही तर. त्याच साली रिअलऑडिओ आलं. आख्खी फाइल उतरण्याची वाट न बघता येईल तसं वाजवत जायचं. आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा, दर दोन मिनिटांनी 'बफरिंग'. तरीसुद्धा कल्पना तीच टिकली. नंतर फ्लॅशचे प्लेअर आले आणि गेले. २००९ च्या सुमारास ब्राउझरना स्वतःलाच आवाज वाजवता यायला लागला, तीच व्यवस्था आज आपण वापरतो.

आणि तरी आपल्या साइटचं पहिलं रूप अडकत होतं. कारणं क्रमानं सापडत गेली, भाच्यानं शोधून काढली, मी शेजारी बसून बघत होतो.

आधी तर फाइल चढतच नव्हती. अशा साइटी ज्या पीएचपीवर चालतात त्यात फाइल चढवायची मूळ मर्यादा दोन एमबीची असते. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत दोन एमबी म्हणजे दोन मिनिटं अकरा सेकंद. शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीपेक्षाही कमी! गौहर जाननं सुद्धा हात टेकले असते. मर्यादा वाढवली, ते काम एका ओळीचं होतं.

मग कळलं की पान उघडताच प्लेअर सगळ्या मैफली एकदम मागवायला लागतो, कुणी बटण दाबलेलं नसतानाही. बारा मैफली, म्हणजे दीड जीबी. ज्यांचा दिवसाचा डेटा तेवढाच त्यांचा कारभार सकाळीच आटपला. आता बटण दाबेपर्यंत काही मागवायचं नाही असं सांगून ठेवलंय.

तिसरं कारण सगळ्यात नामी. प्लेअर गाण्याची ती नक्षीदार रेघ दाखवायचा, आवाज चढला की उंच, उतरला की बुटकी. दिसायला झकास. पण ती काढायला ब्राउझर आख्खी मैफल उतरवून, उलगडून, मेमरीत पसरायचा. १३० एमबीची गाठोडी उलगडली की होतात जवळपास दोन जीबी. साधा मोबाइल गुदमरून पान बंद करायचा, आणि आपल्याला वाटायचं नेट खराब आहे. आता ती रेघ एकदाच आमच्या कंप्युटरवर काढून ठेवली, साइटला नुसते आकडे दिले. काही किलोबाइटचं काम.

उरलं मधूनच ऐकणं. अमेरिकेतल्या लेकीला फक्त शेवटची भैरवी ऐकायची असेल तर पावणेतीन तास उतरवायचे कशाला? १९९७ साली वेबच्या नियमांत सोय झाली, की फाइलीतला अमुक ते अमुक एवढाच भाग दे. पोथी सगळी न वाचता हवं ते पान उघडावं तसं. पण सर्व्हरला ते येत असावं लागतं. आपल्या पहिल्या सर्व्हरला येत नव्हतं. कुठलंही पान मागा, तो मंगलाचरणापासून सुरू करायचा. तो बदलला. मोठ्या कंपन्या याहून पुढे जातात, गाण्याचे सहा-दहा सेकंदांचे तुकडे करून ठेवतात आणि नेटच्या वेगाप्रमाणे हलका-भारी तुकडा पाठवतात. आपल्या पाचशे-सहाशे घरांसाठी त्याची गरज नाही, उगाच देखभाल वाढते.

आणि इथं ते 'तुकडे करा' प्रकरण येतं.

एकाही यांत्रिक कारणानं आता मैफल कापायची गरज उरलेली नाही. जे म्हणत होते की छोट्या फाइली केल्या तर मोबाइल अडकणार नाही, त्यांचा मुद्दा तेव्हा रास्त होता, आज नाही. मग दुसरा मुद्दा निघाला. "गाणं ठेवा, मधली बडबड काढा. सूर लावणं, खोकणं, चहाचे कप, कशाला हवंय?" जागा वाचेल, ऐकणाऱ्याला बरं.

मला हे पटलं नाही आणि मी ते मोठ्या आवाजात सांगितलं. कारण त्या टेपांत गवयाचं गाणं आहे तितकेच आपण आहोत. तानपुरे जुळवताना कुणी विचारतंय, "पंखा बंद करू का?" कुणी गुजरातीत पाणी मागतंय, मराठीत उत्तर येतंय. ख्यालात जागा आली की मागून एक म्हातारा आवाज "क्या बात" म्हणतो आणि त्याच्या पाठोपाठ एक बाई हलकेच "अहाहा". या माणसांच्या तबकड्या कुणी काढल्या नाहीत. बहुतेकांचा फोटोही एखाददुसरा, लग्नातला, ताठ उभा राहून काढलेला. एका ताईंनी त्या मीटिंगमध्ये त्यांच्या आईचा आवाज ओळखला. आत चहा पाठवायला सांगणारं एक वाक्य, चार सेकंदांचं. आई जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यानंतर बडबड काढायचा ठराव कुणी मांडला नाही.

तोडगा असा निघाला. मैफल अखंड. प्लेअरच्या खाली वेळेसह यादी, त्यात विलंबित, द्रुत, नाट्यपद, भैरवी. ज्याला फक्त पद हवं त्यानं त्यावर बोट ठेवावं, थेट तिथं जाईल. ती यादी म्हणजे नुसता मजकूर, तिला वजन नाही. मध्येच ऐकायचं थांबवलं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू होईल, हेही केलंय, कारण तीन तास एका बैठकीत ऐकणारे आता कमीच. ज्या कलाकारांच्या घरच्यांची लेखी परवानगी आली आहे त्यांच्याच मैफली सध्या दिसतील. बाकीच्या तयार आहेत, पत्रं गेली आहेत.

दोन विनंत्या. घरात स्पूल असतील तर हौसेनं जुन्या मशीनवर लावून बघू नका. बंद पडलेलं मशीन फीत ओरबाडतं, आणि अशी फीत एखाद्याच वेळी नीट वाजण्याच्या लायकीची उरलेली असते. डबा आहे तसा आमच्याकडे द्या, वरचं पेन्सिलीनं लिहिलेलं काही पुसू नका.

आणि दुसरी. यादीतली चौथी मैफल लावा, एक तास बारा मिनिटांवर जा. तबलजी हातोडीनं तबला मिळवताहेत, तेवढ्यात एक लहान मुलगा विचारतो, "संपलं का?" आणि सगळे हसतात. मुलगा आज साठीच्या आसपास असेल. आवाज कुणाचा ते ओळखता आलं तर खाली लिहा.